आप्पांचं पोस्टपेड प्रीपेड करायचंय, पण नंबर जायला नको

पुण्याहून एका ताईंनी विचारलंय. त्यांचे वडील चोपड्याला राहतात, निवृत्त मुख्याध्यापक आहेत, वय ७१. पंधरा-सोळा वर्षांपासून पोस्टपेड कनेक्शन. प्लॅन ४४९ चा, बिल दरमहा ५२९ रुपये ८२ पैसे. घरात ब्रॉडबँडचं वायफाय आहे, आप्पा बाहेर फारसे जात नाहीत, दिवसाला दोन-तीन फोन होतात, तेही पाच-पाच मिनिटांचे. ताईंचं म्हणणं, एवढ्यासाठी सव्वापाचशेच्या वर रुपये कशाला? प्रीपेड केलं तर किती वाचतील, आणि पेन्शनच्या बँकेला, गॅसला, आधारला जोडलेला हाच नंबर राहील ना?

ताई, मी २००३ पासून अमळनेरात मोबाइलचं दुकान चालवतो. खरवडायची रिचार्ज कूपनं विकली, मग ईझी रिचार्जचे मेसेज पाठवले, आता सगळं ॲपवर आलं. तुमच्यासारखा प्रश्न आठवड्याला दोन-तीनदा काउंटरवर येतो. तुमच्या आप्पांनी प्रीपेड करावं, पण आधी एक गोष्ट ठरवावी लागेल, आणि ती पैशांची नाही. ती पुढे सांगतो.

आधी हिशोब. ४४९ वर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून बिल ५२९.८२ होतं. वर्षाचे झाले ६,३५८ रुपये. प्रीपेडच्या किमतीत कर धरलेलाच असतो, त्यामुळे दोन्हीकडचे छापील आकडे समोरासमोर ठेवले की माणूस फसतो. पोस्टपेडच्या आकड्यात नेहमी कर मिळवून मगच तुलना करा.

आता प्रीपेडकडे. २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांना नियम घालून देणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम बदलला आणि प्रत्येक कंपनीला सांगितलं की फक्त कॉल आणि एसएमएस असलेलं, डेटा नसलेलं किमान एक तरी रिचार्ज द्यावंच लागेल. अशा व्हाउचरची मुदत आधी जास्तीत जास्त ९० दिवस असायची, ती ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांसाठी गेल्या कित्येक वर्षांत झालेला हा सगळ्यात कामाचा बदल आहे, आणि तो बऱ्याच जणांना माहीतच नाही. जानेवारी २०२५ मध्ये हे पॅक आले. एअरटेलचा ४६९ ला ८४ दिवस आणि १,८४९ ला ३६५ दिवस. व्हीआयचा ४७० ला ८४ दिवस आणि १,८४९ ला वर्ष. जिओचा ४४८ ला ८४ दिवस आणि १,७४८ ला ३३६ दिवस. सगळ्यांत कॉल अमर्याद, देशभरात कुठेही. म्हणजे आप्पा सुरतेला तुमच्या आत्याकडे गेले तरी तेच. भाव मी त्या वेळचे सांगतोय, रिचार्ज मारायच्या दिवशी कंपनीच्या ॲपमध्ये एकदा बघून घ्या.

यात एक बारकावा आहे. १,७४८ आणि १,८४९ शेजारी ठेवले तर पहिला शंभराने स्वस्त दिसतो. पण त्यात दिवस २९ कमी आहेत. दिवसाचा खर्च काढा: पहिल्याचा ५ रुपये २० पैसे, दुसऱ्याचा ५ रुपये ७ पैसे. रिचार्ज कुठलंही असो, किमतीला दिवसांनी भागायचं. कमी बोलणाऱ्या माणसाला मिनिटं कितीही दिली तरी तो ती वापरणार नाही. त्याला लागतात दिवस, नंबर चालू राहण्याचे दिवस. तेच तो विकत घेतोय.

हाच भागाकार २८ दिवसांच्या रिचार्जला लावला की गंमत उघडी पडते. लोक त्याला महिन्याचं रिचार्ज म्हणतात. ३६५ ला २८ ने भागलं की तेरा येतात. वर्षात महिने बारा, रिचार्ज तेरा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. १९९ चं २८ दिवसांचं रिचार्ज तेरा वेळा मारलं तर २,५८७ रुपये होतात. त्यात थोडा डेटा मिळतो, पण आप्पांना घरात वायफाय आहे. २०२२ मध्ये ट्रायने ३० दिवसांचं आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारं रिचार्जही ठेवायला लावलं आहे, तेही यादीत असतं, फक्त वर दिसत नाही.

म्हणजे ६,३५८ च्या जागी १,८४९. वर्षाला साडेचार हजार वाचले. चोपड्यातल्या पेन्शनवाल्या घराला ही रक्कम छोटी नाही.

‘जेवढं बोलू तेवढे पैसे’ असं खरंखुरं प्रीपेड आता आहे का, असंही तुम्ही विचारलंय. पूर्वी होतं. २००५ च्या शेवटी लाइफटाइम आलं, एकदा ९९९ भरले की इनकमिंग कायमचं, बोलायचं असेल तेव्हा दहाचा टॉपअप. माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांनी कापूस विकून ते घेतलं होतं. २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी किमान रिचार्जची अट घातली आणि ते संपलं. तेव्हा पारोळ्याकडची एक आजी काउंटरवर येऊन म्हणाली होती, “भाऊ, फोन उचलाले बी आते पैसा लागतस का?” तिला उत्तर देताना मला फार वाईट वाटलं होतं. आज टॉपअप मिळतो, पण नुसत्या टॉपअपने मुदत वाढत नाही. मुदतीचा पॅक संपला की खात्यात शंभर रुपये पडून असले तरी फोन लागत नाही. म्हणून टॉपअपवर भिस्त ठेवू नका.

आता ती ठरवायची गोष्ट. पोस्टपेड म्हणजे आपल्याकडचा सालदार. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरवला की वर्षभर तो शेतावर असतो, रोज सकाळी बोलवायला जावं लागत नाही. प्रीपेड म्हणजे रोजंदारी. स्वस्त पडतं, पण बोलावणं तुमच्याकडे. पोस्टपेडचं बिल भरायला आठ-दहा दिवस उशीर झाला तर कंपनी फोन करते, मेसेज करते, मग आधी आउटगोइंग थांबवते. प्रीपेडला मुदत संपली की त्याच रात्री आउटगोइंग बंद, आणि काही दिवसांनी इनकमिंगही. आप्पांना कळतही नाही. त्यांना वाटतं आज कोणाचा फोन आला नाही.

माझ्या स्वतःच्या मामांचं असंच झालं. शिरपूर तालुक्यात एका खेड्यावर राहायचे. मी त्यांना हौसेने प्रीपेड करून दिलं आणि मुदतीची तारीख कोणी लक्षात ठेवायची हे ठरवलंच नाही. मामेभावाला वाटलं मी मारतो, मला वाटलं तो मारतो. चार-पाच महिने फोन बंद पडून होता, घरच्यांच्या दुसऱ्या फोनवर काम चालत होतं म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही. नंबर कायमचा बंद झाला. पुढे तो दुसऱ्या कोणाला तरी मिळाला, आणि मामांच्या जिल्हा बँकेच्या खात्याचे मेसेज त्या माणसाकडे जायला लागले. बँकेत फॉर्म, आधार केंद्रावर रांग, गॅस एजन्सीत अर्ज, यात मामांचे दोन महिने गेले. पैसे बुडाले नाहीत, पण त्यांना झालेला त्रास मी विसरलो नाही. चूक माझी होती.

त्यामुळे ताई, आधी ठरवा: मुदतीची तारीख कोण सांभाळणार? आप्पा नाही, तुम्ही. त्यांचा नंबर तुमच्या ॲपमध्ये जोडून ठेवा आणि पुण्यातून रिचार्ज तुम्हीच मारा. मुदत संपायच्या आठ दिवस आधीची आठवण फोनमध्ये लावा. आमच्याकडे बरेच जण आखाजीला वर्षाचं रिचार्ज मारायचं ठरवतात, माहेरी आलेल्या लेकीच ते मारून देतात. चांगली पद्धत आहे, पण आखाजी तिथीवर चालते. दोन आखाज्यांमध्ये एरवी ३५४-३५५ दिवस असतात, अधिक महिना आला की ३८४ च्या आसपास. ३६५ दिवसांचा पॅक अशा वर्षी आखाजीच्या जवळजवळ तीन आठवडे आधीच संपतो. म्हणून सण नाही, इंग्रजी तारीख धरा.

एवढं करूनही चुकलंच तर एक बारीकसं कवच आहे. ट्रायच्या २०१३ च्या नियमाप्रमाणे ९० दिवस वापर नसल्याशिवाय प्रीपेड नंबर कायमचा बंद करता येत नाही. आणि तेव्हा मुख्य बॅलन्समध्ये किमान २० रुपये असतील तर ते कापून आणखी ३० दिवस नंबर राखला जातो, बॅलन्स असेपर्यंत पुन्हा पुन्हा. यात नंबर वाचतो, फोन चालत नाही, एवढा फरक लक्षात ठेवा. म्हणून पॅकसोबत एकदा ५० चा टॉपअप टाकून ठेवा. दहाच्या टॉपअपमध्ये ७ रुपये ४७ पैसेच मिळतात, असे दोन टाकले तरी वीस भरत नाहीत. पन्नासमध्ये ३९ च्या वर मिळतात. आणि हा बॅलन्स ठेवला की आप्पांच्या फोनचा मोबाइल डेटा बंद करून टाका, फक्त वायफाय चालू. पॅकमध्ये डेटा नसताना मोबाइल डेटा सुरू राहिला तर तोच बॅलन्स खाल्ला जाऊ शकतो.

नंबर जाईल का, या मूळ प्रश्नाचं उत्तर: बदल करताना जात नाही. त्याच कंपनीत राहिलात तर पोस्टपेडचं प्रीपेड आता ओटीपीवर होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने हे सोपं केलं, पुन्हा कागदपत्रं द्यावी लागत नाहीत. जून २०२५ पासून एक सवलत आणखी आहे: प्रीपेड केल्यावर आप्पांना जमलं नाही तर ३० दिवसांनी ओटीपीवरच परत पोस्टपेड करता येतं, आधी त्यासाठी ९० दिवस थांबावं लागायचं. त्यानंतर पुन्हा बदलायचं असेल तर मात्र ९० दिवस.

क्रम असा ठेवा. आधी मागची तीन बिलं काढा आणि त्यात खरोखर किती बोलणं झालं ते बघा. माणसाचा अंदाज आणि बिल यात फरक निघतो. त्याच बिलात आणखी काही लपलेलं असतं: कॉलर ट्यून, कुठलं तरी ॲपचं वर्गणी-शुल्क, किंवा त्याच प्लॅनवर जोडलेला घरातला दुसरा नंबर. आईंचा नंबर आप्पांच्या प्लॅनवर ॲड-ऑन असेल तर आप्पांचा मुख्य नंबर हलवण्याआधी आईंच्या नंबरचं काय ते दुकानात विचारून घ्या. नाहीतर एकाचं करायला जाल आणि दोघांचे फोन अडकतील. मग नवीन बिल तयार झालं की ते लगेच भरा आणि त्याच दोन-तीन दिवसांत अर्ज करा, म्हणजे शेवटच्या बिलात थोडेच दिवस येतील. शेवटचं बिल निघेलच, ते भरायचंच. कनेक्शन घेताना डिपॉझिट भरलं असेल तर ते परत मागा. सोळा वर्षांपूर्वीचं कनेक्शन आहे, डिपॉझिट असण्याची शक्यता चांगली आहे, आणि मागितल्याशिवाय त्याची आठवण कोणी करून देत नाही. बिल बँकेतून किंवा कार्डवरून आपोआप कटत असेल तर शेवटचं बिल गेल्यावर तो आदेश रद्द करा.

कनेक्शन कोणाच्या नावावर आहे हेही बघा. शाळेच्या किंवा संस्थेच्या नावावर घेतलेलं असेल तर संस्थेचं अधिकारपत्र लागतं. निवृत्त मास्तरांच्या बाबतीत हे मी बऱ्याचदा बघितलंय, नंबर वर्षानुवर्षं संस्थेच्याच नावावर राहिलेला असतो.

दुसऱ्या कंपनीत जायचं असेल तर पोर्ट, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची. जो नंबर न्यायचा त्याच नंबरवरून इंग्रजी मोठ्या अक्षरांत PORT लिहा (मराठीत लिहून चालत नाही), मग जागा सोडून दहा आकडी नंबर, आणि हा मेसेज १९०० ला पाठवा. आलेला कोड चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत आणि मुदत उलटलेलं बिल थकलेलं नको. आपल्या सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेच्या आपल्या विभागात, तीन कामाच्या दिवसांत होतं. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल आहे, मुंबई वेगळं. जुन्या कंपनीचं शेवटचं बिल ‘आता आपण तिथे नाहीच’ म्हणून सोडून देऊ नका, थकबाकी राहिली तर तिच्या सांगण्यावरून नवीन कनेक्शनही बंद होऊ शकतं.

पोर्टमध्ये सिम बदलतं. त्याच कंपनीत राहिलात तर बहुतेक वेळा जुनंच सिम चालतं, पण विचारून घ्या. त्याच कंपनीत सिम बदलून घेतलं तर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा नियम आहे, फसवणूक रोखण्यासाठी; पोर्टमध्येही तसंच धरून चाला. म्हणजे त्या दिवशी ओटीपी येणार नाही. पेन्शन जमा होण्याच्या दिवसांत, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या गडबडीत किंवा दवाखान्याची तारीख असताना हे काम काढू नका. यूपीआयचं ॲपही नव्या सिमवर पुन्हा जोडावं लागेल. आणि सिम नुकतंच हरवून नवीन काढलं असेल तर १ जुलै २०२४ पासून सात दिवस पोर्टचा कोडच मिळत नाही.

कोणती कंपनी, हे मी इथे बसून सांगणार नाही. चोपड्यात गावात एकाचं चांगलं असेल आणि तुमच्या मळ्यात, सातपुड्याच्या बाजूला, दुसऱ्याचं. शेजाऱ्यांच्या फोनवरून आप्पांच्या खोलीत बसून एक फोन लावून बघा, हीच खरी तपासणी. एक गोष्ट मात्र नक्की बघा: आप्पांचा फोन कोणता आहे? जिओचं जाळं फक्त ४जी आणि ५जी आहे. जुना २जी बटणांचा फोन त्यावर चालतच नाही. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएलवर २जी अजून आहे. बीएसएनएलची जास्त दिवसांची रिचार्जं स्वस्त असतात, त्यांचं देशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर सुरू झालं, पण तुमच्या गल्लीत रेंज कशी आहे ते बघूनच जा.

आता तुम्ही जाता जाता लिहिलंय की मळ्यातल्या मोटरीच्या स्टार्टरमध्येही एक सिम आहे आणि त्यालाही दरमहा रिचार्ज लागतं. त्यावर थोडं थांबतो, कारण कमी वापराचं खरं उदाहरण तेच आहे. रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात घरटी असं एखादं सिम आहे. शेतीची लाइट रात्री दोनला येते, शेतकरी घरून फोन लावतो, मोटर सुरू होते. त्या सिमवर महिनाभरात दहा मिनिटंही बोलणं होत नाही. पण त्याची मुदत संपली तर मोटर सुरू होत नाही, आणि मे महिन्यातल्या केळीला पाण्याच्या दोन पाळ्या चुकणं परवडत नाही. लोक त्यात २८ दिवसांचं डेटाचं रिचार्ज मारत राहतात. डेटा स्टार्टरला लागतच नाही, फार तर कॉल आणि एसएमएस. तिथे वर्षाचा फक्त कॉलिंगचा पॅक टाका. स्टार्टर २जीचा आहे की ४जीचा ते डब्यावर बघा किंवा ज्याने बसवला त्याला विचारा, २जी असेल तर जिओचं सिम त्यात चालणार नाही. आणि त्याची तारीख आप्पांच्या नंबरच्या तारखेलाच आणून ठेवा, म्हणजे एकाच दिवशी दोन्ही रिचार्ज होतील.

दुकानात गेलात तर दुकानदार आधी डेटाचं रिचार्ज दाखवेल. मी स्वतः दुकानदार आहे म्हणून सांगतो, मोठ्या रिचार्जवर आम्हाला जास्त सुटतं, शिवाय ॲपमध्ये तेच वर असतं. “डेटा नसलेलं, फक्त कॉलिंगचं, वर्षाचं” असं स्पष्ट म्हणा. नाही म्हणाला तर कंपनीच्या ॲपमधून स्वतः मारा. तक्रार असेल तर १९८ वर नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या.

माझा सल्ला विचाराल तर पहिलं रिचार्ज वर्षाचं करू नका. आधी ८४ दिवसांचं घ्या. कारण प्रीपेडमधले उरलेले दिवस परत मिळत नाहीत, पोर्ट केलं तर बुडतात. या तीन महिन्यांत दोन गोष्टी कळतील: आप्पा घराबाहेर पडल्यावर व्हॉट्सॲपवाचून अडतात का, आणि तुम्हाला तारीख सांभाळणं जमतं का. आप्पा बाजारात यूपीआयने भाजीचे पैसे देत असतील तर त्यांना थोडा डेटा लागेल. अशा वेळी कॉलिंगच्या पॅकवर वेगळं डेटा व्हाउचर चालतं का ते त्यांच्या कंपनीला विचारा, नाहीतर डेटा असलेलं जास्त मुदतीचं रिचार्ज घ्या, तेही पोस्टपेडपेक्षा स्वस्त पडेल. सगळं नीट चाललं तर ८१-८२ व्या दिवशी वर्षाचं मारा.

आणि ज्यांच्या घरी तारीख सांभाळणारं कोणीच नाही, त्यांना मी स्वतः पोस्टपेडच ठेवायला सांगतो, फक्त सगळ्यात खालच्या प्लॅनवर आणून. १ एप्रिल २०२५ पासून बँकांनी आणि यूपीआय ॲपनी बंद पडलेले नंबर नियमित तपासून यूपीआयमधून काढायचे असा नियम आहे, त्यामुळे नंबर बंद पडला की आता पैसे देणं-घेणंही थांबतं. एकट्या राहणाऱ्या माणसाला वर्षाला काही हजार जास्त गेले तरी चालतील, पण रात्री छातीत दुखलं तर फोन लागला पाहिजे.

तुमच्या आप्पांकडे तुम्ही आहात. येत्या बिलाची तारीख बघा, ते भरा, आणि चोपड्याला याल तेव्हा त्यांच्यासमोर बसून हे करा. ओटीपी त्यांच्याच फोनवर येणार आहे, आणि तो फोनवरून कोणालाही सांगायचा नाही हे तुम्हीच त्यांना शिकवलं असेल.